पुढची चाकं

लिटरला सव्वाआठ.
टाकी काठोकाठ, पुन्हा काठोकाठ,
मधले किलोमीटर भागिले लिटर.
तीनदा केलं. आकडा जागचा हलत नाही.
पिवळ्या फील्डबुकात लिहून ठेवतो,
ज्या रकान्यात पूर्वी थरांचा कल असायचा,
किती अंश, कुठल्या दिशेला.

मनीषनगर ते सेमिनरी हिल्स, जाऊन येऊन चोवीस किलोमीटर.
वाटेत नदी नाही. चढ म्हणावा तर टेकडीचा शेवटचा वळसा,
तोही डांबरी.
आणि मी निघतो चारही चाकांनी ओढणारी गाडी घेऊन
एक डबा, एक चष्मा आणि स्वतःला पोचवायला.
कुंदा म्हणते, हत्तीवरून दळण.

सक्करदऱ्याला बारापात्रेचं गॅरेज.
तो आधी बॉनेट उघडत नाही, आधी चहा सांगतो.
मग गाडीभोवती फिरतो
बैलबाजारात घेणारा फिरतो तसा, काही न बोलता.
टायर अंगठ्याने दाबतो.
"काहून जी, हवा बावीसच?"
कन्हानच्या वाळूसाठी कमी केली होती.
"कधी?"
मी वर्षं मोजतो. तो मोजू देतो.

मग पुढच्या चाकापाशी उकिडवा बसून
हबवरचा चिखल स्क्रू-ड्रायव्हरने खरवडतो.
चिखल कसला, लाल दगडच झालेला, मनसरकडचा,
मी तो डोळे मिटून ओळखला असता.
खाली एक बाण निघतो.
बाण लॉकवर.

"लिव्हर तुमचा टू-व्हीलवर हाय, बरोबर.
पण हे इथं जुडूनच राहिलं ना साहेब.
मागची चाकं गाडी ढकलून राहिली
अन् पुढचा सारा पसारा, दांडा, गरारी,
फुकटचा फिरून राहिला.
काम काही नाही त्याले. नुसता फिरून राहिला."

मी चहाच्या ग्लासात बघतो.
टेबलावर बसवलं मला, त्याला सहा वर्षं झाली.

एक रात्र तेल पाजून बाण फ्रीवर आला.
हवा बत्तीस.
छतावरचं कॅरियर उतरवलं; चारातला एक बोल्ट तुटला,
पण वर्धा रोडवर साठच्या पुढे जी शीळ वाजायची ती गेली.
इतकी वर्षं मी ती इंजिनाची समजत होतो.

मागची लोखंडी पेटी कुंदाने वजनकाट्यावर चढवली: एक्केचाळीस किलो.
मँगनीज, गोंडाइट, एक गुलाबी संगमरवर,
लेबलांवरची शाई उडालेली.
चौकीदार निखाडेने त्यातला एक विचारून नेला,
फाटक वाऱ्याने आपटू नये म्हणून.
अब्जभर वर्षांचा दगड, आता त्याला नेमणूक मिळाली.

"पायाखाली अंडं हाय समजा," बारापात्रे म्हणाला होता,
"अन् दुरून लाल दिसला का पाय उचला."
अजनी चौकात, हिरव्या जाळीखाली, मी इंजिन बंद करतो.
मेचं ऊन बॉनेटवर चौकोन चौकोन.
मागचा ओरडतो, "चालू कर ना बे!"
अजून ऐंशी सेकंद आहेत.
एवढी शांतता मी फील्डवरच ऐकली होती,
दुपारी, खाणीतला स्फोट होण्याच्या आधी.

दहा पूर्णांक चार.
दोन टाक्या सलग. कुंदाने शिरा केला,
तुपाचा हिशेब तिने ठेवला नाही.

मग मृगाच्या आधीचा एक रविवार.
कुणाला काही सांगितलं नाही.
कन्हानच्या काठाला गाडी थांबवली, खाली उतरलो,
गुडघ्यावर बसून डावा बाण फिरवला. मग उजवा.
खट्.
वाळूत उतरलो, मधल्या खडकापर्यंत गेलो,
खडकाला हात लावला (तापलेला होता),
आणि परत आलो.
काठावर पुन्हा दोन्ही बाण फ्रीवर.
हे मात्र विसरलो नाही.

ह्या टाकीला आठ पूर्णांक नऊ.
रकान्यात तसंच लिहिलं.
शेऱ्याची जागा कोरी सोडली.
बारापात्रेला हबवरचा चिखल दिसेलच.