काडतूस, नग एक

आचारसंहिता लागली की मी मामाची रायफल
जुन्या चादरीत गुंडाळून कासारवडवलीच्या ठाण्यात नेते.
रिक्षावाला विचारतो, क्रिकेटचं किट का ताई?
मी हो म्हणते.

हवालदार दरवेळी नवा.
दरवेळी बोल्ट शोधतो, जो हिला नाहीच.
मग चापाभोवतीची कडी मी खाली ओढून दाखवते,
पुन्हा वर.
खट्‌-खटाक्‌.
आख्खं ठाणं मान वर करतं.
सिनेमातली, कुणीतरी म्हणतं. आणि, बाईंच्या नावावर?
बाईंच्या नावावर. वारसाहक्काने.
कै. इनास रिबेलो यांची भाची, मुक्काम ओवळा.

काडतुसं किती?
एक.
कुठलं?
तीस-तीस.
पेन थांबतं. तीस की एक?

पहिले तीस म्हणजे जाडी, मामा सांगायचा,
इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले तीस.
दुसरे तीस ग्रेन, आतली दारू,
चहाच्या अर्ध्या चमच्यात मावेल एवढी.
आणि नाक चपटं. का, ठाऊक आहे?
नळीखालच्या पोटात ती ओळीने झोपतात,
एकीचं नाक दुसरीच्या बुडाला.
टोकदार असती तर एका हादऱ्यात
मागचीने पुढचीला पेटवलं असतं.
शेजार असाच करावा, म्हणायचा, चपट्या नाकाने.
स्वतः बांधावरून सख्ख्या चुलत्याशी
अठरा वर्षं बोलला नाही.

सांबराची गोष्ट त्याने मला दोनदा सांगितली,
दोन्हीदा वेगळी.

पहिली अंगणात, सुंगट सोलता सोलता:
कायदा यायच्या आधीची, नागल्याच्या वरची कारवी,
माघातली पहाट, साठ पावलांवर नर,
शिंगांवर दव.
गोळी खांद्यामागे. जागच्या जागी.

दुसरी सिव्हिल हॉस्पिटलात, ऑक्सिजनची नळी नाकात:
खांद्यामागे नव्हती गो.
पोटात.
जान्या वरठा पानं उलटून वास घेत पुढे, मी मागे.
हिरवट रक्त. जान्या म्हणाला,
इनासशेठ, हा आज मरत नाही. उद्यापण नाही.
दुपारपर्यंत उतरलो. तो आमच्याआधी उतरलेला,
थेट खाडीत, गळ्यापर्यंत, भरती चढत होती.
पाण्यावर डोकं आणि शिंगं,
एखादं झाड मुळासकट चाललंय असं.
जान्या म्हणाला, मारा.
मी कडी ओढली, शेवटचं काडतूस वर आलं.
जान्या म्हणाला, शेठ, मारा आता.

(इथे नर्स आली, सलाईन बदलून गेली.
मी मनात उत्तर तयार ठेवलं होतं:
दया आली असेल, हात थरथरला असेल,
त्याने वळून बघितलं असेल.)

काडतूस महाग होतं, मामा म्हणाला.
बाहेरून यायचं बंद झालं होतं.
तिथे मारला असता तर बुडाला असता,
मांस खेकड्यांना, शिंगं चिखलाला.
मी कडी परत ओढली, काडतूस खिशात घातलं.
जान्याने माझ्याकडे बघितलं नाही.
नंतर कधी हाक्याला आला नाही,
ताडीलासुद्धा नाही.

तेच हे.

हवालदार ते कानाशी हलवून बघतो.
चालेल का अजून?
माहीत नाही.
पाकिटात घालून स्टेपल मारतो,
चपटं नाक कागदाला आतून रेटत राहतं.
पावतीवर लिहितो: नग एक, न वापरलेले.
सही इथे.

मी सही करते.
मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये
बिबट्या येऊन गेला, कॅमेऱ्यात दिसला.
शेजारचे पाटणकर हसत म्हणाले,
तुमच्याकडे आहे ना ती?
आहे, म्हटलं. काडतूस महाग आहे.

ते पुन्हा हसले.
मी पावती घडी करून पर्समध्ये ठेवते, रिक्षा करते,
आणि का कोण जाणे, घरावरून पुढे
गायमुखपर्यंत जाते.
ओहोटी आहे. नुसता चिखल.