पितळेचं बटण

आमच्याकडे एक समजूत आहे:
रस्त्यात धुराडं झाडणारा दिसला
की आपल्या कोटाचं बटण धरावं, नशीब उघडतं.
त्या दिवशी ओताकर श्कुतानं माझंच धरलं,
पितळेचं, वरून दुसरं,
आणि फोटोग्राफर म्हणाला, जरा हसा की.

मी हसलो. दात तेवढे पांढरे.

निवडणुकीला अकरा दिवस होते.
चेस्की त्येशीनच्या चौकात सकाळी पडलेला बर्फ
दुपारी राखेच्या रंगाचा झाला होता,
पोरांनी त्याचा बाहुला केला नाही.
श्कुता माइकवरून नदीकडे बोट दाखवत होता:
"हा धूर तिकडचा. पलीकडच्या घराघरातला.
मला निवडून द्या, मी वॉर्सोला जाब विचारीन."
टाळ्या. हातमोज्यांतल्या टाळ्या,
धप् धप्, गादी झोडपल्यासारख्या.

नदी ओल्झा. रुंदी म्हणाल, तर
चिडलेल्या पोराचा दगड पलीकडे पोचतो.
पूल ओलांडला की गावाचं नाव तेच,
उच्चार तेवढा बदलतो: चेशिन.
तिथंही निवडणूक येते, तिथंही माइक लागतो,
तिथली उमेदवारीण बोट दाखवते आमच्याकडे,
आमच्या पोलादाच्या कारखान्याकडे,
ज्यात तिचा सख्खा भाऊ रात्रपाळी करतो.
आपला तो बाब्या,
दुसऱ्याचा तो धूर.

मी दोन्ही काठांवरची धुराडी झाडतो.
एकोणतीस वर्षं घरांच्या घशात हात घालतोय,
कोण काय खातं ते मला विचारा.
कोळसा चांगला असला की काजळी भुरभुरीत,
ब्रश फिरवला की जाते.
लाकूड ओलं असलं की डांबरासारखी, चकचकीत,
खरवडून खरवडून खांदा भरून येतो.
आणि पेन्शन वीस तारखेलाच संपली असली
की काजळीत सापडते
वितळलेली दुधाची पिशवी,
चपलेचा तळ,
एकदा तर खुर्चीचा हिरवा रंग.

पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर,
तेओफिलाबाईंकडे सापडतं हे.
त्या लाजतात, माझ्या चहात साखर जास्त घालतात.
आणि अलीकडे, चर्चच्या मागच्या गल्लीत,
श्कुताच्या आईकडे.
तीही लाजते. तिचा चहा बिनसाखरेचा,
डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून.
बोलता बोलता ती खोकायला लागते,
तेव्हा मी पोतं बांधत बसतो,
लागतो त्याहून जास्त वेळ.

पोत्यात दोन्हीकडचं एकत्र होतं.
पुलावर पहारा होता त्या काळीही
पोतं उघडून कुणी विचारलं नाही,
यातली आपली कुठली?

"मतदार म्हणून आपली अपेक्षा काय?"
श्कुताच्या माणसांनी कागद वाटले.
चौकटी होत्या: निळं आकाश. कडक भूमिका. नुकसानभरपाई.
मी पेन्सिल घेऊन बराच वेळ बसलो.

निळं आकाश राहू दे, बाबा.
वाऱ्याचं नाव कुठल्याच यादीत नाही,
तो दोन्ही सभा ऐकतो
आणि दुपारनंतर फिरतो.
वॉर्सोला जा, जरूर जा,
पण जाता जाता पूल संपला की थांब,
तिसरा मजला चढ,
नवा बॉयलर केवढ्याला पडतो ते त्या बाईला विचार,
तिच्याच भाषेत विचार, मोडकी चालेल.
आणि परत येऊन याच माइकवर म्हण:
माझी आईसुद्धा हेच जाळते.
तेवढं म्हटलंस
की जाब विचारायला मी शिडीसकट येतो.

एवढं मावेल अशी चौकट नव्हती.
कडेकडेनं लिहिलं, बोटं उमटली,
आता त्यातलं निम्मं
मलाही लागत नाही.

घरी कोट काढताना पाहिलं:
वरून दुसरं बटण लख्ख झालंय,
अंगठ्याएवढं.
म्हणजे तिथली काजळी तो घेऊन गेला.
कुठल्या रुमालाला पुसली
कोण जाणे.