पेटीला खालून भोक

तुर्भ्याच्या दुकानात चंद्रहास टेप घेऊनच शिरला.
रुंदी साडेबावीस इंच, खोली सोळा,
झाकण उघडल्यावरची उंची वेगळी.
दुकानदार म्हणाला, काका, केटरिंग आहे का?
नाही, ट्रेलर आहे.
दुकानदाराने एकदा माझ्याकडे बघितलं.
मी कढयांकडे.

तीन बर्नरचा ग्रिल होता, स्टीलचा,
झाकणावर घड्याळासारखा काटा.
त्याच्यासमोर हा तसाच उभा,
जसा दिवाळे गावात मला बघायला आला होता तेव्हा,
बघतच नाही असं दाखवत.
किंमत ऐकून दोघंही
पंख्याखाली जरा थांबलो.

घरी येऊन त्याने फ्रिजचा जुना खोका कापला.
तीन बर्नरचा एक पुठ्ठा, दोनचा एक.
तीनचा ठेवला की ट्रेलरचं दार अर्धंच उघडायचं,
दोनचा ठेवला की माझे गुडघे कुठे ठेवायचे?
मी उभी राहून पुठ्ठ्यावर हात हलवायचे,
तो बाहेरून विचारायचा, कोपर लागतं का?
सहाव्या दिवशी दोनच्यात मांजर व्यायली.
तो रद्द.

रबाळ्याच्या कंपनीत एकतीस वर्षं फिटर.
तीन पाळ्या, उरलेल्या रजा विकून टाकायचा.
रिटायर झाला त्याच महिन्यात
भंगारातून दोन चाकांची चासी आणली
आणि ऐरोलीत, सोसायटीच्या मागे, खाडीकडच्या भिंतीला लावून
सव्वा वर्ष ठोकत बसला.
कुठे जायचंय, मी विचारलं नाही.
त्याने सांगितलं नाही.

मला ग्रिल नकोच होता, खरं तर.
मला साधी शेगडी हवी होती,
जिच्यावर तांदळाची भाकरी फुगेल.
जाळीवर भाकरी टाकली
की ती कैद्यासारखी पट्ट्यापट्ट्यांची होते.
हे मी दुकानात नाही बोलले,
ठाणे-बेलापूर रोडला स्कूटरवर, त्याच्या पाठीला बोलले.
अर्धं वाऱ्याने नेलं.

अर्धं पोचलं असावं.
शनिवारी घेऊन आला तो एकाच बर्नरचा,
वर जाळी, जाळी उलटली की तवा.
बिडाचा. मनगटाला विचारा.
नळीवरची तारीख त्याने तीनदा वाचली.

मग पाच किलोच्या सिलिंडरसाठी पेटी.
पेटीच्या तळाला ड्रिलने भोक पाडायला लागला, रुपयाएवढं.
मी म्हटलं, वरून पाड की, वास वर जातो.
तो म्हणाला, हा गॅस हवेपेक्षा जड.
गळला तर वर जात नाही, खाली बसतो,
गुपचूप, पायाशी साचत जातो,
कुणी काडी ओढतंय का बघत.
त्याला वाट खालूनच द्यावी लागते.

एवढं सलग हा माझ्याशी
यापूर्वी कधी बोलला, आठवेना.
मी टॉर्च धरून उभी.
भोकातून खालचा चिखल दिसत होता
आणि एक खेकडा, थांबलेला.

काल पेटवला. मागेच, जागेवर,
ट्रेलरला अजून नंबर कुठे मिळालाय.
सांध्यांना साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा आला नाही.
खाडीवरून वारा सुटला, ज्योत आडवी पडली,
तेव्हा तो तीनचा पुठ्ठा आडोशाला धरला,
शेवटी कामाला आला.

आधी बांगडे. मग फडक्याने धरून जाळी उलटली,
भाकरीला बांगड्याचा वास लागला तो लागलाच.
वॉचमन सांगायला आला, इथे पेटवायला परवानगी नाही,
आणि उकिडवा बसला.

गुहागर? चंद्रहास म्हणाला,
ज्योतीकडे बघत, मला नाही.
मी म्हटलं,
आधी ती भाकरी उलट.