हद्द समजावून देताना

निखाडे, ही चावी. साडेचार फूट, लोखंडी.
खांद्यावर आडवी नको घेऊस, माणसं असतात पहाटेही.
एकोणतीस वर्षं मी या हद्दीत पाणी सोडलं,
माझगावच्या उतारापासून डोंगरीच्या नाक्यापर्यंत.
खात्याचा नकाशा राहू दे खिशात.
मी सांगतो ते ध्यानात ठेव.

पहिली झडप चार चाळीसला. तेरा आटे, डावीकडे.
मशिदीचा हौद भरायला वीस मिनिटं लागतात
आणि पहाटेची बांग कुणासाठी थांबत नाही.
हात, चूळ, नाक, तोंड, कोपरापर्यंत दोन्ही बाह्या,
ओला हात डोक्यावरून, मग पावलं.
पाणी नसेल तर स्वच्छ मातीवर हात टेकवूनही चालतं,
हे दस्तगीरचाचांनी सांगितलं लाइन फुटली त्या दिवशी.
मी खड्ड्यात, कंबरेपर्यंत चिखल.
म्हणाले, तुझं तर झालंच आहे.

वळणावर शंकराचं देऊळ.
पिंडीवर गळती टांगलेली, थेंब थेंब, दिवसरात्र.
हद्दीतली ही एकच गळती
जिची तक्रार खात्याकडे येत नाही.
प्रदक्षिणा अर्ध्यातून मागे फिरते, पन्हळ ओलांडायची नसते.

चर्चच्या दाराशी दगडी शिंपला.
बोट बुडवतात, कपाळ, छाती, खांदे.
बारशाला बाळाच्या टाळूवर तीनदा पाणी.
जन्माआधीचंही पाप त्यात धुतलं जातं, इनास सांगतो.
मीटर हलतसुद्धा नाही.

उपाश्रयाशेजारच्या हिराबेन पाणी फडक्यातून गाळतात,
फडक्यात राहिलेले जीव जिथले तिथे सोडायचे असतात.
मला विचारलं, नळाचं पाणी कुठून येतं?
म्हटलं, तानसा. शहापूरच्या पलीकडे.
बराच वेळ फडकं हातात धरून उभ्या होत्या.

झिराडकरांच्या प्रार्थनास्थळाला ते मशीदच म्हणतात,
त्यांच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी तोच शब्द.
शुक्रवारी दिवस मावळल्यावर
त्यांना तक्रारवहीत सही कर म्हणू नकोस,
शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत ते लिहीत नाहीत.
आणि शुद्धीच्या कुंडाला आपलं नुसतं पाणी चालत नाही,
आभाळातून उतरलेलं लागतं.
पहिल्यांदा वाईट वाटलं मला.
मग बरं वाटलं.

अग्यारीत मी कधी गेलो नाही. तूही जाणार नाहीस.
आत विस्तव आहे, विझू देत नाहीत.
बाहेर विहीर, तिच्या काठावर दिवा.
आपला मीटर फाटकाबाहेर.
राग नाही मानायचा.
मी मानायचो. आमच्या आजाला
गावच्या विहिरीची पायरी ठाऊक नव्हती,
कुणी वरून ओतेल तेवढीच ओंजळ.
मग महाडच्या तळ्याची गोष्ट गावात आली.
कैखुश्रूंनी एकदा फाटकाशी खुर्ची आणून दिली,
बस म्हणाले, आत नाही नेता येत मला.
त्यांच्याही गळ्यात काहीतरी अडकलं होतं.

रविवारी दुपारी दाब कमी होऊ देऊ नकोस,
गुरुद्वाऱ्यात लंगरची भांडी असतात.
मीही घासलीत. आधी पंगतीत बसायचं,
डोकं झाकून. कोण कुठला विचारत नाहीत.

आमच्या विहारात पाण्याचं असं काही नाही.
पांढरे कपडे, मेणबत्ती, पाच गोष्टी करणार नाही म्हणायचं
आणि दिवसभर त्यातली एखादी होते.
दाराशी माठ आहे. कुणीही प्या.
आईने ठेवलेला. तिला तेवढंच पुरे वाटायचं.

आता नकाशात नसलेलं.
कधी अवेळी फोन येईल, रात्री दोनला, भर दुपारी.
घरात मयत आहे, टाकी कोरडी, न्हाऊ घालायचंय.
वेळापत्रक बघू नकोस.
नाव, मजला, काही विचारू नकोस,
फक्त गल्ली विचार.
दहा मिनिटं सोडायचं.
कुणी कापराचं पाणी करतात, कुणी तुळस घालतात,
कुणी मोजून विषम वेळा ओततात,
ते त्यांचं.
वहीत लिहायचं, झडप तपासली.

कोपऱ्यावरची सातवी झडप उलटी फिरते.
का, कुणाला माहीत नाही.
घे. अरे, गुडघ्यातून उचल, पाठीतून नको.
चार पस्तीस झाले.