नऊ दिवसांचं तण

माझं मत कुणी विचारत नाही, तरी सांगतो.
इयरफोनचं भोक ज्याने बुजवलं
त्याला एका शुक्रवारी म्हापशात आणावं,
माझ्या स्टुलावर बसवावं,
आणि दुपारपर्यंत किती जण अडॅप्टर मागतात
ते त्याच्याकडूनच मोजून घ्यावं.

घडीचा फोन म्हणजे घडीची छत्री.
पहिल्या वर्षी कौतुक, दुसऱ्या वर्षी काडी बाहेर.
कॅमेरे तीन असोत की पाच,
फोटो शेवटी मांजराचा आणि वीजबिलाचा.
बॅटरी डिंकाने चिकटवणाऱ्यांविषयी मी हळू बोलतो,
बोडगेश्वर इथून फार लांब नाही.

पर्र्याच्या माडांखाली रील काढणारे,
सगळ्यांना एकच वळण, एकच गाणं, केस उडवायची एकच तऱ्हा.
त्यातला एकजण परवा आला, फोन शेतात पडलेला.
स्पीकरमधून मी चिखल काढला,
बेडकाचं एक पिल्लूसुद्धा निघालं असतं.

भाचा माझा, शुभंकर, रात्रभर गोळ्या झाडतो.
पिंग वाढलं की घरातल्यांनी श्वाससुद्धा बेताने घ्यायचा.
हरला तर नेट वाईट,
जिंकला तर हात चांगला.
गेम म्हणजे एवढंच, असं माझं मत होतं.

मग हळदोण्याची एफिजेनिया आली,
बिस्किटांच्या डब्यात मुलाचा कन्सोल घेऊन.
पाठ पुरीसारखी फुगलेली.
म्हणाली, "बाब, बॅटरी बदल,
पण आतलं शेत जाता कामा नये."

गोव्यात शेत जायचं म्हटलं की
मला आधी कोर्ट आठवतं.
तिने बोटाने हवेतच दाखवलं:
इथे भोपळे, इथे विहीर,
ही कोंबडी, तिला नणंदेचं नाव.
तिथला दुकानदार म्हणे पक्का लुटारू,
भोपळ्याला देतो तो भाव
या बाजारात देठालासुद्धा मिळेल.

मुलगा, बोस्त्यांव, बोटीवर कुक.
जाताना म्हणाला, मांय, रोज पाणी घाल.
तिचं खरं खाजन पडच आहे,
बांध फुटला त्या वर्षापासून खारं पाणी,
त्यात बगळे आणि तीन भावांच्या सह्या.
स्क्रीनवर बांध फुटत नाही.
सह्या लागत नाहीत.

बोटीवर वायफाय विकत मिळतं, महाग.
फोनवर बोलायला लागलं की तिला रडू येतं,
पैसे त्यातच संपतात.
म्हणून तो रविवारी त्या गावात येतो,
विहिरीपाशी उभा राहतो,
दोनदा उडी मारतो.
ही दोनदा उडी मारते.
मग दोघं मिळून भोपळे काढतात.

मी सांगितलं, शेत बॅटरीत नसतं, मेमरीत असतं.
तिला ते पटलं नाही.
मलाही, सांगताना, तितकंसं पटलं नाही.

मुंबईहून पहिली बॅटरी आली ती चुकीची.
दुसरी यायला आणखी पाच दिवस.
मधला रविवार गेला.
ती सोमवारी येऊन दारातूनच बघून गेली,
काही विचारलं नाही.

आज स्क्रू घट्ट केले, बटण दाबलं.
आधी काळं,
मग कंपनीचं नाव,
मग एक टिंब गोल गोल फिरत राहिलं,
आणि मी, अठरा वर्षं या धंद्यात असलेला माणूस,
त्या टिंबाकडे बघत चक्क क्रूस काढायच्या बेतात होतो.
माझ्या आईने बघितलं असतं तर!

तिने चष्मा लावला. डोळे बारीक केले.
माझं मत विचारील असं वाटलं.
"तण," ती म्हणाली. "नऊ दिवसांचं तण."
आणि माझ्याच स्टुलावर बसून
एकेक उपटायला लागली.

पैसे द्यायचं ती विसरली,
मी मागितले नाहीत.
खोटं. मागितले, पण तण संपल्यावर.
तोवर तिच्या मागे तीन जण उभे होते,
अडॅप्टर मागत.