सर्वांना वाचता येईल

काल सायंकाळी शटर ओढलं तेव्हा
त्या फाइलच्या परवानगीत एकच नाव होतं,
माझं: सुकेशिनी.
आज मशीन सुरू केलं, तर मालकाच्या जागी
आकड्यांची लांबलचक माळ,
आणि खाली एक ओळ नवी:
सर्वांना, वाचण्याची मुभा.

मी काही केलं नाही.
रात्री दोन बाराला, म्हणते नोंद.
दोन बाराला तर मोहटोल्यात लाइन नव्हती,
इन्व्हर्टरवर एकटंच जागं राहिलं असेल.
तालुक्याहून प्रफुल्ल म्हणतो,
"अपडेट आला असेल मॅडम. बंद करून चालू करा."

बंद केलं. चालू केलं.
ओळ तिथंच.

धानाच्या नोंदणीचे, पेन्शनचे, शिष्यवृत्तीचे,
अख्ख्या गावाचे पासवर्ड त्या एका डब्यात.
उपासराव नागपुऱ्यांचा:
बैलाचं नाव, आणि तो विकला ते साल.
पोलीस पाटलांचा स्वतःचंच नाव, दोनदा.
वछलाबाईचा, जी लेक सुरतेहून परतलीच नाही तिचं,
शेवटी एक शून्य,
कारण मशीनला आकडा पाहिजे होता.
आणि देवाजी चक्कीवाल्याचा:
मागच्या गल्लीतल्या एका बाईचं
माहेरचं नाव.
तो एकेक अक्षर सांगत होता, मी टाइप करत होते,
चेहरा असा, जणू सिलिंडरचा नंबर घेतेय.

सर्वांना.
हा शब्द आमच्या टोलीपर्यंत यायला किती उन्हाळे लागले,
बोडीच्या ह्या काठाहून त्या काठावर.
माझ्या बापानं मोजले होते.
आता आला तो असा,
न विचारता, रात्री,
भलत्याच दारानं.

दिवसभर एकेकाला बोलावलं.
"मशीन बिघडली" म्हटलं, "चोरी" म्हटलं नाही.
उपासरावांनी दुसऱ्या बैलाचं नाव दिलं.
पाटलांनी तेच नाव, तीनदा.
वछलाबाई म्हणाली, "राहू दे वं पोरी तेच.
वाचू दे ना.
तेवढंच कोनी नाव घेईन तिचं."

देवाजी अंधार पडता पडता आला,
भुवया पिठानं पांढऱ्या.
मी उठून खुर्ची त्याला दिली
आणि बाहेर शेवग्याच्या झाडाकडे बघत राहिले.
एका बोटानं टाइप करत होता. फार वेळ लावला त्यानं.
मशीननं विचारलं असेल, जपून ठेवू का.
टिचकी ऐकू आली,
कोणत्या बटणाची ते नाही.

जाताना दहाची नोट ठेवली टेबलावर.
"पावती नको," म्हणाला.