तागडीनं, का काट्यानं?

गड्ड्याच्या जत्रेत, होम मैदानाच्या कडेला,
लाल-हिरवे दिवे गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर
आई चढली, चपला काढून,
जसं काही गाभाऱ्यातच निघालीय.
खटकन् तिकीट पडलं. बेचाळीस किलो.
मागं छापलेलं : परदेशगमनाचा योग.

मी नववीत. आदल्याच आठवड्यात
कोष्टक पाठ झालेलं.
म्हटलं, आई, चंद्रावर तू फक्त सात किलो.
मंगळावर सोळा.
गुरूवर मात्र एकशे सहा,
बसलीस तर उठताच यायचं नाही तुला.
"आत्ता तरी कुठं येतंय,"
ती म्हणाली, आणि तिकीट बटव्यात घातलं,
तंबाखूचा वास लागलेल्या दोन नोटांशेजारी.

विडी घरकुलात परतल्यावर सूप मांडीवर घेतलं.
जत्रा झाली म्हणून हजारातली एक विडी
कमी होत नाही.
पानावर पत्र्याचं माप, मापाभोवती कात्री,
चिमूट, वळण, दोरा.
अकराच्या सुमारास, मान वर न करता :
"चंद्रावर पाठ पण सहावा हिस्साच दुखंल का रे?"
हे पुस्तकात नव्हतं.
मग बऱ्याच वेळानं, दोरा दातांनी तोडत :
"अन् तिथं मुनीम तंबाखू कशानं मोजतोय?
तागडीनं, का टांगत्या काट्यानं?"

कायपण विचारतीस, म्हणून मी
कूस बदलली.

आता अक्कलकोट रोडच्या शाळेत
ताणकाट्याला खडूचा डबा अडकवून
मी बोल्ली, गुंडेटी, म्हेत्रे, शेख, सगळ्यांना सांगतो :
काट्याच्या पोटात स्प्रिंग असते, तो ज्या गावात जाईल
त्या गावचं बोलतो.
तागडीचं तसं नाही.
एका पारड्यात तंबाखू, दुसऱ्यात लोखंडी माप,
चंद्र दोन्हींना सारखाच ओढतो, गुरूही सारखाच.
वस्तुमान. लिहून घ्या.

म्हणजे काटा असता,
तर मुनीम सहापट तंबाखू देऊन बसला असता.
तागडी असती तर इथल्याइतकाच,
इथल्यासारखाच चिमूटभर कमी.
विड्या दोन्हीकडं हजारच.
आणि छाट म्हणून तो बाजूला फेकायचा त्या
जरा हळू पडल्या असत्या जमिनीवर, एवढंच.

काल तिला हे सगळं सांगितलं,
सव्वीस वर्षं उशिरा.
भिंतीला टेकून ऐकत होती, रिकाम्या बोटांनी
पदराचं टोक वळत.
"मग तागडीच असणार," म्हणाली.
"मुनीम काय येडा नसतोय."